आधी खिळे, मग नाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील जुन्या वसाहतकारांच्या वस्त्यांवर मेटल डिटेक्टर फिरवून नाणी, बटणे, बंदुकीच्या गोळ्या काढण्याचे व्हिडिओ आता मराठी घरांतही आवडीने पाहिले जातात. तिकडे स्थायिक झालेले काही वाचक तर यंत्र घेऊन मैदानात उतरतातही. व्हिडिओत ढेकळातून चांदीचे नाणे डोकावते तेवढे दिसते. त्याआधी तासन् तास कानाशी चाललेली किरकिर मात्र कापून टाकलेली असते. ही किरकिर खिळ्यांची. नवखा माणूस वैतागून यंत्रातली लोखंड गाळण्याची सोय पूर्ण वर चढवतो. किरकिर थांबते खरी, पण त्याबरोबर जागेची सगळी माहितीही बंद होते, आणि गंमत म्हणजे नाणीही निसटतात. म्हणून हा पत्रप्रपंच.

मुळात जागा कशी सापडते ते पाहू. २० मे १८६२ रोजी लिंकन यांची सही झालेला होमस्टेड कायदा १ जानेवारी १८६३ पासून लागू झाला. १६० एकर सरकारी जमीन घ्यायची, तिथे घर बांधून पाच वर्षे राहायचे, जमीन कसायची, मग मालकीचे पेटंट, म्हणजे जमिनीचा सरकारी मालकीपट्टा, मिळे. ही पेटंटे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जनरल लँड ऑफिसच्या नोंदींत इंटरनेटवर फुकट पाहता येतात. पेटंटावरची तारीख म्हणजे वस्तीची सुरुवात असे मात्र समजू नये. रोख पैसे भरून लवकर मालकी घेतलेले सोडले, तर कुटुंब सहसा त्या तारखेच्या निदान पाच वर्षे आधीपासून तिथे राहत असे. पेटंटात जमिनीचा पत्ता टाउनशिप आणि सेक्शन यांत दिलेला असतो. सहा मैल लांब-रुंद टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा आणि त्याचा चौथा हिस्सा म्हणजे आपले १६० एकर. या तुकड्याची एकेक बाजू अर्धा मैल. एवढ्या पसाऱ्यात घर नेमके कुठे होते, हे पेटंट सांगत नाही.

ते शोधायला पेटंटामागची फाइल मागवावी. ती नॅशनल आर्काइव्ह्जकडे असते. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर वसाहतकाराने आणि त्याच्या साक्षीदारांनी दिलेल्या जबान्यांत घराची लांबी-रुंदी, दारे-खिडक्या, आड, गोठा, किती एकर नांगरले, अशी वर्णने सापडतात. त्यानंतर १८७० च्या पुढचे काउंटीचे नकाशे पाहावेत. त्यांत मालकाचे नाव आणि घराच्या जागी बारीक काळा चौकोन असतो. १९३० च्या दशकापासूनची कृषी खात्याची हवाई छायाचित्रे आणि लायडारचे, म्हणजे विमानातून लेसर किरणांनी मोजलेले, उंचसखल नकाशे एकमेकांवर ठेवले, की तळघराचा खड्डा किंवा बुजलेली वाट बरेचदा उठून दिसते. प्रत्यक्ष जागेवर झाडे बोलतात. माळावर मधूनच लायलॅकचे झुडूप, डे-लिलीचा पुंजका, आयरिसची सरळ ओळ, दोन म्हातारी सफरचंदाची झाडे दिसली, तर ती कुणीतरी दारात लावलेली आहेत हे नक्की.

परवानगीबद्दल थोडक्यात पण स्पष्ट लिहितो, कारण 'ओसाड गाव आहे, कोण विचारतो' हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. ओसाड जागेलाही मालक असतोच. जमीन खाजगी असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्यावी. शेत कसणारा कूळ बहुधा वेगळा असतो, त्याच्या तोंडी होकाराला अर्थ नाही. सापडलेली वस्तू कुणाची, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. केंद्र सरकारच्या किंवा आदिवासी राष्ट्रांच्या जमिनीवर १९७९ चा पुरातत्त्व संपदा संरक्षण कायदा लागू होतो. शंभर वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू तिथून विनापरवाना काढल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. वस्तूंची किंमत आणि जागेच्या दुरुस्तीचा खर्च मिळून ५०० डॉलरच्या वर गेला, तर हा आकडा २०,००० डॉलर आणि दोन वर्षांवर जातो. गाडी आणि यंत्रही जप्त होऊ शकते. राष्ट्रीय उद्यानांत तर खणणे दूरच, वापरायच्या तयारीत यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा. राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत, ते ज्या त्या राज्यात पाहावेत.

आता खिळ्यांकडे वळतो. खिळा हा या जागांवरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलका पुरावा आहे. हातघडणीचा खिळा चारही बाजूंनी निमुळता होत जातो आणि त्याच्या डोक्यावर हातोड्याचे पैलू दिसतात. १७९० च्या दशकापासून यंत्राने पत्र्यातून कापलेले कट नेल आले. त्यांचा छेद आयताकृती असतो. दोन बाजू निमुळत्या आणि उरलेल्या दोन समांतर, ही त्यांची खूण. सुरुवातीच्या कट नेलमध्ये लोखंडाचे तंतू आडवे असत, त्यामुळे टोक वळवायला गेले की खिळा तुटे. १८३० च्या दशकाच्या अखेरीपासून तंतू उभे आले आणि खिळा न तुटता वळू लागला. गोल तारेच्या खिळ्यांनी १८९० च्या दशकात बाजी मारली. म्हणजे एखाद्या जागी पन्नास खिळे पाहिले आणि त्यांत गोल एकही नाही, तर ते घर १८९० च्या आसपास किंवा त्याआधीच सोडलेले असण्याची शक्यता बळकट होते. एकट्यादुकट्या खिळ्यावरून मात्र काळ ठरवू नये. जुने खिळे उपटून, सरळ करून पुन्हा वापरले जात, आणि लाकडी जमिनीसाठी कट नेल पुढेही बरीच वर्षे चालले.

लांबीही पाहावी. सव्वा ते दीड इंची बारीक खिळे छपराच्या लाकडी फळकुटांचे, अडीच-तीन इंची जमिनीच्या आणि भिंतीच्या फळ्यांचे, साडेतीन-चार इंची सांगाड्याचे. बारीक खिळे एका आयतात विखुरलेले दिसले, तर छप्पर तिथेच कोसळले असे धरायला हरकत नाही. नालेचे खिळे दाट सापडले की तो तबेला. इंग्रजी यू आकाराचे कुंपणाचे स्टेपल एका रेषेत लागले की ते काटेरी तारेचे कुंपण, म्हणजे १८७४ नंतरचे, कारण ग्लिडन यांचे काटेरी तारेच्या शोधाचे पेटंट त्या वर्षीचे. आगीत सापडलेले खिळे बरेचदा कमी गंजलेले निघतात. असे काळसर, धड खिळे आणि वितळलेली काच एकत्र मिळाली, तर घर जळाले असावे असा तर्क करता येतो.

इथे एक अडचण आहे, ती सांगितलीच पाहिजे. ओंडक्यांच्या घरात खिळे फार थोडे असत, आणि कॅन्सस-नेब्रास्काच्या मैदानात गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपा रचून बांधलेल्या घरात तर दार-खिडकीच्या चौकटीपुरतेच. म्हणून खिळे नाहीत म्हणजे घर नव्हते, असा निष्कर्ष काढणे चूक. तिथे चुलीचे दगड, भाजलेली माती, जमिनीचा किंचित उंचवटा आणि लोखंडी शेगडीचे तुकडे यांवर भिस्त ठेवावी लागते.

यंत्राचे बोलायचे, तर अशा जागी पल्स इंडक्शन प्रकार निरुपयोगी. ते खोल जाते, पण लोखंड आणि तांबे यांत धड फरक करत नाही. व्हीएलएफ (अगदी कमी फ्रीक्वेन्सीवर चालणारे) किंवा एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सींवर चालणारे यंत्र घ्यावे. यंत्रापेक्षाही कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची गोल चकती, महत्त्वाची. यंत्राबरोबर येणारी अकरा इंची कॉइल खिळ्यांच्या गर्दीत एका वेळी पाच-सहा खिळे पाहते आणि त्यांच्यामधले नाणे तिला दिसतच नाही. पाच-सहा इंची लहान कॉइल लावली, की खोली थोडी कमी होते, पण दोन खिळ्यांमधली फट दिसू लागते. इथे खोलीचा सोस नको. न नांगरलेल्या अंगणात नाणी बहुतेक १० ते २० सेंटिमीटरवरच असतात.

ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज यंत्राला वगळायला लावणे, जागेवरच करावा. धातू नसलेला हातभर तुकडा शोधून कॉइल वर-खाली करायची, आवाज सपाट होईपर्यंत. चूल, राख किंवा विटांची भुकटी असलेल्या भागात तो पुन्हा करावा लागतो, कारण भाजलेल्या मातीचा चुंबकीय गुण बदललेला असतो. सेन्सिटिव्हिटी पूर्ण चढवली की खिळे जास्त ओरडतात, म्हणून ती थोडी उतरवावी. रिकव्हरी स्पीड, ज्याला काही कंपन्या रिअॅक्टिव्हिटी म्हणतात, तो मात्र वाढवावा. तो कमी असेल तर खिळ्यावरून गेल्यावर यंत्र क्षणभर बहिरे होते आणि नाणे नेमके त्या क्षणात येते. लोखंड गाळण्याऐवजी त्याला खालचा जाड स्वर द्यावा आणि तो ऐकत राहावे. गाळण्याने लोखंड जमिनीतून नाहीसे होत नाही. फक्त आपल्याला ते कळत नाही, आणि त्याच्या सावलीतले नाणेही त्याच्याबरोबर गप्प होते.

खणायच्या आधी एक फेरी नुसती झेंड्या लावण्याची करावी. दोरीने साधारण दीड मीटर रुंदीचे पट्टे आखावेत, कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवून सावकाश फिरवावी आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या निम्म्यावर चढवावा. लोखंडाला लाल झेंडी, इतर धातूंना पिवळी. एकदा उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम. दुसऱ्या दिशेला बरेच नवे संकेत मिळतात, कारण आडव्या पडलेल्या खिळ्याची सावली एका बाजूला लांब आणि दुसरीला आखूड असते. फेरी संपली की मागे सरकून झेंड्यांकडे पाहावे. लाल झेंड्यांचा दाट आयत म्हणजे घर. तिथून थोड्या अंतरावरचा छोटा दाट ठिपका बहुधा संडास किंवा कोंबड्यांचे खुराडे. पिवळ्या झेंड्या घरात कमी आणि मागच्या दारापासून आडापर्यंतच्या वाटेवर, कपडे वाळत घालायच्या तारेखाली, मोठ्या झाडाच्या सावलीत, फाटकापाशी जास्त असतात. माणसाच्या खिशातून नाणे पडते ते चालताना, वाकताना, बसताना. खणायला सुरुवात करण्याआधी या झेंड्यांचा फोटो आणि कागदावर मोजमापासह आराखडा करून ठेवावा.

आवाजाला फसू नये. वाकलेला खिळा, डब्याचे झाकण, बिजागरी, घोड्याचा नाल यांचा स्वर चांदीसारखा उंच लागू शकतो. चपटे किंवा वळलेले लोखंड यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यांच्या दुसऱ्या टोकाला उडी मारते. पडताळा सोपा आहे. संकेताभोवती काटकोनात फिरून पुन्हा कॉइल फिरवावी. नाण्याचा आवाज दोन्हीकडून तसाच राहतो, लोखंडाचा एका बाजूने तुटतो किंवा जाड होतो. पिनपॉइंट केल्यावर, म्हणजे संकेताची नेमकी जागा यंत्राने हेरल्यावर, मध्य आवाजाच्या जागेपासून बोट-दोन बोटे सरकला, तरी खिळ्याचाच संशय घ्यावा. उलट, जाड स्वरात मधूनच, एकाच दिशेने का होईना, पण पुन्हा पुन्हा त्याच जागी बारीक उंच चिमटा ऐकू आला तर खणावे. खिळ्याला चिकटून पडलेले बटण असेच ऐकू येते. केवळ आकड्यावर विसंबणाऱ्याला ते कधीच मिळत नाही.

खणण्याआधी ८११ या क्रमांकावर कळवून जमिनीखालच्या वायू आणि विजेच्या वाहिन्यांची आखणी करून घ्यावी. शेतघराच्या जुन्या जागेतून नवी वाहिनी गेलेली असणे अगदी शक्य आहे. गवत असेल तर घोड्याच्या नालेच्या आकाराची खाप तीन बाजूंनी कापावी आणि चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवावी. खाप दहा-बारा सेंटिमीटर जाड हवी, पातळ कापली तर मुळे तुटून गवत पिवळे पडते. कडक उन्हाळ्यात गवतात खणूच नये. माती कापडावर काढावी, पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) आधी खड्ड्याच्या भिंतींत आणि मग मातीत फिरवावा, कापड खड्ड्यात रिकामे करून खाप पायाने दाबावी. नांगरटीचा थर साधारण २० ते २५ सेंटिमीटर. त्यातल्या वस्तू आधीच जागच्या हललेल्या असतात. त्याखाली राखेचा थर, रचलेले दगड, हाडे दिसू लागली तर हात थांबवावा. तो थर एकदा विस्कटला की पुन्हा मांडता येत नाही आणि तो उलगडणे पुरातत्त्वज्ञाचे काम आहे. अनेक कुटुंबे आपल्या माणसांना स्वतःच्याच जमिनीत पुरत, त्यावर दगड उरतोच असे नाही. नक्षीदार पांढऱ्या धातूच्या मुठी आणि शोभेचे स्क्रू एका ठिकाणी मिळाले तर ते शवपेटीचे सामान असू शकते. मानवी हाडाची शंका आली तरी काम बंद, मालकाला आणि शेरीफला फोन. बुजलेला आड हा सर्वांत मोठा धोका. वर कुजक्या फळ्या, त्यावर माती आणि गवत. गोल खोलगट जागा दिसली की आधी लांब काठीने चाचपावे आणि तिच्या कडेला एकट्याने जाऊ नये.

काय सापडते? नाणी कमीच. १८५७ पर्यंत पाडलेले तांब्याचे मोठे सेंट, १८५९ ते १९०९ चे इंडियन हेड सेंट, १८९१ पर्यंतचे बसलेल्या स्वातंत्र्यदेवतेचे डाइम, म्हणजे दहा सेंटचे नाणे. स्पॅनिश रिआल १८५७ पर्यंत अमेरिकेत कायदेशीर चलन होते, त्यामुळे त्यांचे कापलेले तुकडेही मिळू शकतात. एका तुकड्याची, म्हणजे बिटची, किंमत साडेबारा सेंट. पण खरी रेलचेल असते ती पितळी बटणांची, हार्नेसच्या (जनावरांच्या साजाच्या) बकलांची, रॉकेलच्या दिव्याच्या बर्नरची आणि तोंडाने वाजवायच्या बाजाच्या (माउथ ऑर्गनच्या) पितळी पट्ट्यांची. त्या पट्ट्या इतक्या सापडतात, की मैदानातली संध्याकाळ वाटते तितकी नीरव नसावी. घोड्याचा नाल अखंड असतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याच्या पत्र्या जोडीने, चार पायांच्या मिळून आठ. पत्री मिळाली की बैलजोडी होती हे कळते, आणि ही माहिती एखाद्या झिजलेल्या सेंटपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

वस्तूपेक्षा तिची जागा महत्त्वाची, याचे सर्वांत ठळक उदाहरण वसाहतीचे नाही, रणांगणाचे आहे. मोंटानात लिटल बिगहॉर्नला १९८३ मध्ये वणव्याने गवत जळाले, तेव्हा १९८४ पासून पुरातत्त्वज्ञ डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी हौशी डिटेक्टरवाल्यांना रांगेत चालवून प्रत्येक संकेतावर झेंडी लावली आणि वस्तू उचलण्याआधी तिची जागा मोजली. काडतुसांवरचे फायरिंग पिनचे ठसे जुळवून एकच बंदूक मैदानात कुठून कुठे गेली हे ठरवता आले, आणि १८७६ च्या लढाईचे चित्र बदलले. तीच काडतुसे पिशवीत गोळा करून नेली असती, तर ती आठवडी बाजारात विकण्यापलीकडे कामाची नव्हती.

म्हणून प्रत्येक वस्तू वेगळ्या पुडीत ठेवावी. पुडीवर तारीख, झेंडीचा क्रमांक, खोली आणि घराच्या एखाद्या पक्क्या कोपऱ्यापासूनचे अंतर लिहावे. खिळ्यांनाही हाच नियम, निदान प्रत्येक पट्ट्यातले पाच-दहा नमुने ठेवावेत. जीपीएस असलेल्या फोनवर फार भरवसा नको, त्याची चूक काही मीटरची असते आणि घरच मुळी पाच-सहा मीटरचे.

साफसफाईत नुकसान सर्वाधिक होते. नाणे घासू नये, शेतात बोटाने चोळूही नये. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून सुकवावे, एवढेच. शिशाच्या गोळीवरचा पांढरा थर काढू नये, तो तिचे रक्षण करतो आणि विषारीही असतो, हात धुवावेत. शिसे ओकच्या लाकडी कपाटात ठेवू नये, लाकडातल्या आम्लाच्या वाफेने ते भुकटी होते. लोखंडासाठी इलेक्ट्रोलिसिस वापरतात. चार लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा डीसी पुरवठा, वस्तूला ऋण तार आणि धन तारेला साध्या लोखंडाचा तुकडा. स्टेनलेस स्टील कदापि लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे आणि जवळ ठिणगी नको. आत धड लोखंड उरले आहे का, ते आधी चुंबक आणि कानशीने पाहावे. वस्तू पूर्ण गंजच झाली असेल तर टाकीत तिचा भुगा होतो. कथील, शिसे, मुलामा दिलेल्या वस्तू या टाकीत घालू नयेत. बाहेर काढल्यावर डिस्टिल्ड पाण्यात उकळून क्षार काढावेत, पूर्ण सुकवावे, टॅनिक अॅसिडचा हात द्यावा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेण चढवावे. क्षार आत राहिले तर काही महिन्यांत मेणाखालून नारिंगी थेंब वर येतात आणि सगळे पुन्हा करावे लागते. न फुटलेले काडतूस मात्र कुठल्याही द्रावणात घालू नये आणि तापवू नये, ते पोलिसांकडे द्यावे.

शेवटी, जागेची नोंद राज्याच्या ऐतिहासिक वारसा कार्यालयाकडे करता येते. बऱ्याच राज्यांत जागेला तीन भागांचा क्रमांक मिळतो: राज्याचा आकडा, काउंटीची अक्षरे आणि अनुक्रम. नेब्रास्काचा आकडा २५, कॅन्ससचा १४. खाजगी जमिनीची नोंद करायला मालकाची संमती घ्यावी. नोंदीने त्याची मालकी जात नाही, हे त्याला आधी समजावून सांगावे, कारण बहुतेक जण नकार देतात ते याच भीतीने. अर्जासोबत झेंड्यांचा आराखडा आणि खिळ्यांचे फोटो जोडावेत, फोटोत मोजपट्टी ठेवावी.

आपला,
एक वाचक, नेब्रास्का